चकाकी देणारा ढोल

मित्रांनो, माझं नाव ढोल असलं तरी मला आजवर कोणी टिपरू मारलेलं नाही. मी कुठल्या वरातीत गेलो नाही की मेळ्यात वाजलो नाही. मी आहे सियालकोटच्या एका अरुंद बोळातला, आठ बाजूंचा शिसवी ढोल. आडवा निजतो, पट्ट्यावर गोल गोल फिरतो आणि पोटात टाकलेल्या पोलादाच्या बारीकसारीक वस्तूंना चकाकी देतो. आता म्हातारा झालोय. कडेला दोन ठिकाणी तडे गेलेत, फिरताना जरा कण्हतो. माझ्या बरोबरीचे ढोल केव्हाच तंदुरात जळून गेले. मी अजून कामावर आहे, ते कुणाच्या पुण्याईनं, तेच सांगायला बसलोय. मध्ये मध्ये स्वतःची टिमकी वाजवीन, तेवढं चालवून घ्या.

कालव्याच्या कडेचं एक शिसवाचं झाड वादळात पडलं होतं. त्याचा बुंधा उस्ताद करामत अलींनी हातगाडीवर घालून आणला आणि सुताराला घरी बसवून मला करून घेतलं. उस्तादांची एकच अट होती, की आतल्या बाजूला एकही खिळा दिसता कामा नये. सुतार कुरकुरला. म्हणाला, खिळ्याशिवाय ढोल म्हणजे मिठाशिवाय सालन. उस्ताद म्हणाले, साधं लोखंड आत राहिलं तर ते चांगल्या पोलादालाही गंजाची खोड लावतं. शेवटी माझ्या फळ्या लाकडी खुंट्यांनी जोडल्या गेल्या. मी फिरायला लागलो तेव्हा सुतारच आधी म्हणाला, वा उस्ताद.

आमच्या गावाचं असं आहे. एका बोळात दवाखान्यांसाठी कात्र्या आणि चिमटे बनतात, पलीकडच्या बोळात फुटबॉल शिवले जातात. कात्र्यांचे स्क्रू, चिमट्यांचे चाप, असल्या नखाएवढ्या वस्तू हातात धरून एकेक घासायच्या म्हटल्या तर माणसाचा जन्म जाईल. म्हणून त्या माझ्याकडे येतात. आणि फुटबॉलवाल्यांकडे उरलेले कातड्याचे तुकडे, तेही माझ्याकडेच येतात. दोन्ही बोळांचं माझ्या पोटात जुळतं.

माझं जेवणही ठरलेलं आहे. आधी दगडाचे खडे आणि साबणाचं पाणी. त्यात स्क्रूंचे काटेकंगोरे झिजून जातात. मग धुणं, मग लाकडाच्या भुशात कोरडं करणं. आणि शेवटी कातड्याचे तुकडे, त्यांना चोळलेला पॉलिशचा हिरवा मसाला. पोलादावर पोलाद आपटलं तर नुसते ओरखडे उठतात, मध्ये मऊ कातडं असलं की चकाकी चढते. पण पोट अर्धंच भरायचं हं. तट्ट जेवलेला माणूस जसा लोळतो तसा भरलेला ढोल नुसताच लोळतो, काम काही करत नाही. आणि घाई करायची नाही. मला पळवलं तर सगळं माझ्या भिंतीला चिकटून बसतं. मी सावकाश फिरायचं आणि आतल्या मालानं सळसळत घसरायचं, यातच सगळी करामत आहे.

ती सळसळ उस्तादांना बाजेवर बसल्या जागी कळायची. हुक्का ओढता ओढता ते मध्येच म्हणायचे, "उघडा." कधी म्हणायचे, "अजून नाही, अजून खरखरतोय." एकदाही चुकले नाहीत. कारखानदार हाजी इद्रीस आमच्याकडचा स्क्रू अंगठ्याच्या नखावर ठेवून डोळ्यांजवळ नेत आणि म्हणत, "करामतभाई, यात माझी दाढी दिसते." हे ऐकलं की मी त्या दिवशी जरा जास्तच ऐटीत फिरायचो.

पण वर्षानुवर्षं माझ्या शेजारी बसून उस्तादांचे कान गेले. ज्या आवाजावर ते जगले त्यानंच त्यांना बहिरं केलं, याचं मला फार वाईट वाटतं. मग ते माझ्या पाठीवर तळवा ठेवून थरथर अजमावायला लागले. थोडंफार कळायचं, पण पूर्वीचं ते नाही.

तेव्हा त्यांची थोरली मुलगी तसनीम पुढे आली. घरी बसून फुटबॉल शिवता शिवता तिच्या बोटांची चाळण झाली होती. ती लहानपणापासून माझ्या आवाजात अभ्यास करत, भांडत, झोपत वाढलेली. एक दिवस उस्तादांनी माझ्यावर तळवा ठेवला आणि झालं म्हणून मान डोलावली. ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "अब्बाजी, अजून खरखर आहे." म्हणाली हळूच, पण तिच्या ओठांवरून उस्तादांना कळलं. त्यांनी मला थांबवलं नाही. दुपारी उघडलं तेव्हा माल असा निघाला की बस. तेव्हापासून ढोल तसनीमचा.

तिला सुईदोरा सोडून हे काम मिळालं याचा इतका आनंद होता की ती मला सकाळी सलाम करायची. मला, लाकडाला.

हे सगळ्यांनाच पटलं असं नाही. उस्तादांचे धाकटे भाऊ मुनव्वरचाचा माल आणायचं आणि पोचवायचं काम मोटरसायकलवरून करत. माणूस मनाचा चांगला, जीभ मात्र कात्रीसारखी. आणि काटकसरी इतका की सुतळीचा तुकडादेखील फेकायचा नाही. फुकट ते पौष्टिक, हा त्यांचा बाणा. एका मोठ्या कारखान्यात त्यांनी थरथरणारं नवं यंत्र पाहिलं आणि तेव्हापासून माझ्यामागे लागले. ते यंत्र कसं गप्प काम करतं आणि आमचं हे लाकूड कसं घोरतं, हे रोज जेवताना ऐकवायचे. तसनीमला म्हणायचे, पुत्तर, रोटी फुगली की नाही ते आवाजावरून सांग, ढोलाचं राहू दे. तसनीम हसून त्यांच्या ताटात आणखी एक रोटी वाढायची आणि काम चालू ठेवायची.

उस्तादांची एक जुनी रीत होती. तयार मालातले मूठभर नग ओल्या फडक्यात गुंडाळून खिडकीत ठेवायचे आणि सकाळी उघडून बघायचे. एकही डाग नसेल तरच माल घराबाहेर. त्या वर्षी बकरी ईद झाली, सुट्ट्यांमुळे काम तुंबलं आणि हाजीसाहेबांकडून निरोपावर निरोप यायला लागले. तसनीमनं फडकं भिजवायला घेतलं, तोवर मुनव्वरचाचांनी डबा मोटरसायकलला बांधलासुद्धा. म्हणाले, इतकी वर्षं कधी डाग निघालाय का, आता काय निघणार आहे.

आणि निघाला. थोड्याच दिवसांत हाजी इद्रीस स्वतः डबा घेऊन आले. चमकणाऱ्या स्क्रूंच्या खाचांत तिळाएवढे तांबूस ठिपके पडलेले. तसनीमनं दूधपत्ती चहा आणला. हाजीसाहेबांनी कपाला हात लावला नाही.

मित्रांनो, आमच्या बोळात भांडणं होतात, बोलणी बंद होतात, पण समोर आलेला चहा कोणी नाकारत नाही. तो नाकारला की संपलं. तो कप तसाच गार झाला, त्यावर साय धरली, आणि घरातल्या कुणाचीही तो उचलायची हिंमत झाली नाही.

हाजीसाहेब एवढंच म्हणाले, "करामतभाई, हे स्क्रू फाडलेल्या पोटाजवळ जातात. तिथं गंज चालत नाही." जुन्या ओळखीखातर हाच माल पुन्हा साफ करून घ्यायला ते तयार झाले. पुन्हा डाग दिसला तर मात्र काम दुसरीकडे जाईल, हेही सांगून गेले.

ते दाराबाहेर पडले आणि मुनव्वरचाचांनी तोफ डागली. त्यांचं म्हणणं, तसनीमच्या केसांतली पिन माझ्या पोटात पडली असणार. साधी लोखंडी पिन, तिनंच गंज लावला. म्हणून बायकांनी ढोलाजवळ जाऊ नये.  तसनीमनं अंगणात चादर पसरली आणि माझं पोट रिकामं केलं. चाचांनी आपला अक्कलहुशार सल्ला म्हणून लोहचुंबक आणला, तर त्याला सगळे स्क्रूच चिकटून बसले, कारण आमच्या कात्र्यांचं पोलाद चुंबकाला धरतंच. शेवटी तिनं कातड्याचा तुकडा न् तुकडा हातानं चाळला. पिन नव्हती.

मग तिनं केस ओढणीत घट्ट बांधले आणि सगळं काम पहिल्यापासून केलं. खडे, साबण, धुणं, भुसा, कातडं. मध्ये वीज गेली की माझ्याजवळ बसून राहायची, आली की कान लावायची. मीही माझ्याकडून जीव ओतून फिरलो. सळसळ अशी लागली होती, की उस्तादांना ऐकू येत असतं तर त्यांनी हुक्का बाजूला ठेवला असता. फडकं भिजलं, खिडकीत गेलं. सकाळी उघडलं तर पुन्हा तेच ठिपके.

मुनव्वरचाचा या वेळी ओरडले नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं. शांतपणे म्हणाले, "बस झालं. हाजीसाहेबांना मी सांगतो की आमच्याच्यानं होत नाही. नवं यंत्र येईल, त्यावर माणूस ठेवू. ढोल तंदूरवाल्याला देऊन टाकतो. तू आपली फुटबॉल शिव, पुत्तर. त्यात तुझा हात चांगला आहे."

उस्तादांना शब्द ऐकू आले नाहीत. पण मुलीचा चेहरा त्यांनी पाहिला आणि येऊन माझ्या पाठीवर तळवा ठेवून उभे राहिले. मी तर थांबलेला होतो. थांबलेल्या लाकडात त्यांना काय कळणार?

चाचा गेल्यावर तसनीम माझ्या अंगाला पाठ टेकून रडली. "माझं काय चुकलं?" म्हणाली. "तू तरी सांग." मला पोट आहे, पाठ आहे, आवाज आहे, नाही ती फक्त जीभ. इतकी वर्षं तिची उणीव भासली नव्हती. त्या दिवशी मात्र लाकडाचा जन्म मिळाल्याचं मला मनापासून दुःख झालं.

तंदूरवाला येऊन मला टिचक्या मारून गेला. लाकूड ओलं आहे, वाळवून ठेवा, म्हणाला. म्हणून मला पट्ट्यावरून काढून अंगणात उन्हात ठेवलं, पोटाचं दार सताड उघडं. शेजारी ते कातड्याचे तुकडेही वाळत पडले होते. आता माझं उरलंसुरलं आयुष्य म्हणजे तंदुरात किती रोट्या भाजल्या जातील तेवढं, असा हिशेब मी करत होतो. तेवढ्यात माझ्या तोंडात काहीतरी खरबरीत, ओलं, गरम आलं.

ती चिट्टी होती, घरची दुभती बकरी. दावं तोडून आली होती आणि मला आतून चाटत होती. अहो, जन्मात असा अपमान झाला नव्हता! तसनीमनं तिला ओढून नेऊन बांधलं. ती पुन्हा सुटली आणि पुन्हा माझ्याचकडे आली. शेजारी हिरवा चारा पडला होता, त्याला तोंड लावेना. मला चाटायची, मग कातड्याचे तुकडे चाटायची, मग पुन्हा मला.

"अगं भवाने, त्यात काय गूळ आहे का?" असं म्हणत तसनीमनं काठी उचलली. आणि काठी हातात तशीच राहिली. ती खाली बसली. ढिगातला एक तुकडा उचलला, चिट्टीकडे पाहिलं आणि तो तुकडा स्वतःच्या जिभेला लावला.

तिचं तोंड वाकडं झालं. मग तिनं भिंतीकडे पाहिलं. तिथं खुंटीला नीट घड्या घातलेली, मजबूत पोती टांगलेली होती.

तुम्हाला सांगतो त्यांची गोष्ट. दर बकरी ईदला मुनव्वरचाचा घरोघर फिरून अनाथ मुलांच्या वसतिगृहासाठी कुर्बानीच्या जनावरांची कातडी गोळा करायचे. कातडी सडू नये म्हणून स्वतःच्या हातानं त्यांना मीठ चोळायचे. मोठं पुण्याचं काम. मीठ संपलं की रिकामी पोती घरी यायची. पोती चांगली दणकट, टाकायची कशी? त्या वर्षी चाचांनी ती झटकली आणि फुटबॉलवाल्यांकडचे तुकडे त्यांत भरून आणले. तुकड्यांनी मीठ धरलं, मीठ माझ्या पोटात आलं, आणि स्क्रूंच्या खाचांत जाऊन बसलं. पोलादाला मिठासारखा वैरी नाही.

चाचा संध्याकाळी आले. तसनीमनं त्यांना आधी चहा दिला. तो त्यांना पिऊन होऊ दिला. मग तळहातावर कातड्याचा तुकडा ठेवून पुढे केला.

"चाचा, हा जरा जिभेला लावा."

"मी काय बकरी आहे?"

"बकरीला कळलं ते आपल्याला कळलं नाही, म्हणून म्हणते."

चाचांनी तुकडा घेतला, जिभेला लावला. त्यांची नजर आपोआप खुंटीवरच्या पोत्यांकडे गेली. कात्रीसारखी चालणारी जीभ त्या दिवशी पहिल्यांदा अडली.

"झटकली होती गं मी ती," एवढंच कसंबसं म्हणाले.

ती जिंकली होती. मनात आणलं असतं तर पिनेचा सूड उगवता आला असता. तिनं खाली पाहिलं आणि रिकामा कप उचलला.

पण बाजेवर बसलेल्या उस्तादांना काहीच कळलं नव्हतं. ते बहिऱ्या माणसाच्या सवयीनं मोठ्यानं म्हणाले, "काय झालं? मला कोणी सांगेल का?"

मुनव्वरचाचा त्यांच्या कानाशी वाकले आणि हळूच बोलले. ऐकू आलं नाही म्हणून उस्तादांनी मान हलवली. चाचा जरा मोठ्यानं बोलले. पुन्हा तेच. मग चाचांनी डोळे मिटले आणि सगळा बोळ ऐकेल अशा आवाजात ओरडले, "भाईजान, चूक माझी आहे! पोत्यांत मीठ होतं! तसनीमची काही चूक नाही!"

समोरच्या छपरावर पतंग उडवणारे थांबले. शेजारणीनं खिडकी उघडली. उस्तादांच्या दाढीत हसू फुटलं.

"हळू बोल की," ते म्हणाले. "मी काय बहिरा आहे?"

मित्रांनो, सगळे हसले. चाचा हसता हसता डोळे पुसत होते.

पण हसण्यानं मीठ जात नाही. ते माझ्या लाकडात मुरलं होतं. मला कढत पाण्यानं धुतलं, खडे घालून फिरवलं, भुसा घालून फिरवलं, उन्हात ठेवलं, पुन्हा धुतलं. पाणी चाचा आणत होते, कोणाला बादलीला हात लावू देत नव्हते. आणि दर धुण्यानंतर माझी परीक्षा घ्यायला यायची ती चिट्टी. चाटायची. पुन्हा धुणं. चाटायची. पुन्हा धुणं. माझ्या फळ्या फुगल्या, सुकल्या, कण्हल्या. त्यातच हा दुसरा तडा गेला. शेवटी एका सकाळी चिट्टीनं मला हुंगलं, तोंड फिरवलं आणि चाऱ्याकडे निघून गेली. कुणी इतक्या तुच्छतेनं पाठ फिरवल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

नवे तुकडे आणायला चाचा घरातल्या रजईची स्वच्छ खोळ घेऊन गेले. डागाळलेला माल पुन्हा खड्यांत गेला, धुतला गेला, भुशात सुकला, कातड्यात आला. मी फिरायला लागलो. आता सगळं या एका खेपेवर होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. चाचा दर थोड्या वेळानं विचारायचे, "उघडू या?" तसनीम मान हलवायची, आणि चाचा मुकाट्यानं बाजेवर जाऊन बसायचे. अखेर ती म्हणाली, "आता."

फडकं भिजलं आणि खिडकीत ठेवलं गेलं.

सकाळी हाजी इद्रीस आले ते आपणहून. चाचांनी त्यांना सगळं सांगितलं होतं, स्वतःचं नाव घेऊन. हाजीसाहेब उभेच राहिले. तसनीमला फडक्याची गाठ सुटेना. उस्तादांनी माझ्या पाठीवर ठेवलेला हात उचलून तिच्या हातावर ठेवला. गाठ सुटली.

एकही ठिपका नव्हता. ओले स्क्रू उन्हात असे चमकले, की चिट्टीनंसुद्धा मान वर केली.

हाजीसाहेबांनी एक स्क्रू अंगठ्याच्या नखावर घेतला, डोळ्यांजवळ नेला, खाच निरखली, उलटा करून पाहिला.  त्यांनी तो सावकाश फडक्यात परत ठेवला.

"दाढी पार पिकली की माझी," ते म्हणाले. मग बाजेवर ऐसपैस बसले आणि तसनीमकडे पाहून म्हणाले, "बेटी, चहा आहे का?"

ती धावत आत गेली. तिला कप सापडेना, साखर सापडेना. आतून रडण्याचा आवाज येत होता की हसण्याचा, ते मला, आवाज ओळखणाऱ्यांच्या घरात राहूनही, सांगता येणार नाही.

याला बरीच वर्षं झाली. ते थरथरणारं यंत्रही पुढे आलं, मोठा माल त्यात जातो. बारीक स्क्रू आणि चाप माझ्याकडेच असतात, आणि मला उघडायचं तसनीम म्हणेल तेव्हाच. मुनव्वरचाचा आता थकले, मोटरसायकल सुटली. पण कातड्याचा नवा ढीग आला की ते काठी टेकत येतात, एक तुकडा उचलतात आणि सगळ्यांदेखत जिभेला लावतात. बोळातली पोरं चिडवतात, चाचा, आज चव कशी आहे? चाचा म्हणतात, अळणी आहे, चालू करा.

तेव्हा मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखा एखादा कण्हणारा म्हातारा असेल, यंत्र असेल नाहीतर माणूस. तो बिघडला असं वाटलं की लगेच तंदूरवाल्याला बोलावू नका. आधी बघा, आपण त्याच्या पोटात काय घातलंय. आणि ज्याच्यावर ठपका ठेवायचा असेल त्याच्याकडे बोट करण्याआधी, आपण आणलेला तुकडा एकदा स्वतःच्या जिभेला लावून पाहा.

थांबा, तसनीमनं बटण दाबलं. आता सळसळ ऐका.